फोम नको, आधी फट शोधा

वाचकाचं पत्र:

"स. न. वि. वि. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडलगतच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलगी यंदा बारावीला आणि तिची खोली नेमकी रस्त्याकडे. रात्री साडेदहा-अकराला कंटेनर आणि डंपर सुरू होतात ते पहाटेपर्यंत थांबत नाहीत. पहाटे साडेपाचला वरच्या घरातून ठकठक आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज. संध्याकाळी हॉलमध्ये सासऱ्यांचा टीव्ही. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो आणि मुलीची खोली हॉलला लागून आहे. ती अगदी रडकुंडीला आली आहे. एका इंटिरिअरवाल्याने तिच्या खोलीच्या भिंतींना आणि छताला फोमचे पॅनेल लावून खोली 'साउंडप्रूफ' करून देतो म्हणून ९० हजार सांगितले आहेत. मिस्टर म्हणतात, परीक्षेचं वर्ष आहे, देऊन टाकू. माझं मन तयार होत नाही. करावं का?"
– एक वाचक, ठाणे

ताई, नका करू.

पैसे वाचावेत म्हणून सांगत नाही. ते ९० हजार गेल्यावरही डंपर आज जितका ऐकू येतो तितकाच ऐकू येईल, म्हणून सांगते. आणि मग मुलीच्या मनात बसेल की एवढं करूनही काही झालं नाही, आता इलाजच नाही. पैसे जाण्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. मी गेली बावीस वर्षं इमारतींमधल्या आवाजाचंच काम करते आणि फोम लावून झाल्यावर हताश झालेली बरीच घरं पाहिली आहेत.

त्या माणसाकडून फोमचा एक तुकडा नमुना म्हणून मागून घ्या. तोंडाला घट्ट लावा आणि फुंकर मारा. दुसऱ्या बाजूला हात धरलात तर फुंकर हाताला लागेल. जिथून हवा इतकी सहज जाते, तिथून रस्त्यावरचा आवाजही जातो. आवाज अडवायला वजन लागतं आणि बिनफटीची बंद जागा लागते. फोमला वजन नाही आणि अंगभर छिद्रं आहेत.

मग स्टुडिओत तो का दिसतो? तिथे जाड भिंती आणि जड दारांनी बाहेरचा आवाज आधीच अडवलेला असतो. फोम असतो तो आतला आवाज भिंतींवर आपटून घुमू नये म्हणून. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यानाचं सभागृह फार घुमायचं, बोललेलं कुणाला कळत नसे. ते सुधारण्याचं काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडत गेला आणि घुमणं किती कमी होतं ते मोजत गेला. इमारतींचं आजचं ध्वनिशास्त्र तिथून सुरू झालं. पण ही मोजमापं तो करायचा मध्यरात्रीनंतर, शहर झोपल्यावर. सभागृह गाद्यांनी भरलं तरी रस्त्याची वर्दळ आत यायची थांबत नव्हती. तुमच्या इंटिरिअरवाल्याचा फोम म्हणजे त्याच गाद्या. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणारेही असतात, त्यांचा तर एवढाही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती कृपा करून मिस्टरांनाही वाचून दाखवा. बाजारातला साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. ज्या खोलीत मूल झोपतं तिच्या चार भिंतींना आणि छताला तो लावणं मला कोणत्याही किमतीत मान्य नाही.

आता तुमच्या घराकडे वळते. तुमच्या पत्रात तीन आवाज आहेत आणि ते तीन वेगळ्या वाटांनी येतात. डंपरचा आवाज हवेतून, खिडकीवाटे येतो. वरची ठकठक स्लॅबमधून, इमारतीच्या अंगातून येते. टीव्हीचा आवाज दारातून येतो. तिघांवर एक औषध चालणार नाही.

पण त्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट. दुसरी बेडरूम कोणत्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती आतल्या बाजूला असेल, सोसायटीच्या आवाराकडे किंवा मागच्या इमारतीकडे, तर या रविवारी खोल्या बदला. तुम्ही दोघं रस्त्याकडे या, मुलीला आत जाऊ द्या. कपाट हलवायची गरज नाही, फक्त पलंग, टेबल आणि पुस्तकं. मधे अख्खी इमारत आली की रस्त्याचा आवाज बराच कमी होतो. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. खिडकीचं काम पुढे-मागे होत राहील, तिची झोप मात्र आजच्या आज सुधारायला हवी.

आता खिडकी. ती अ‍ॅल्युमिनियमची सरकती असणार असं मी धरून चालते, कारण आपल्याकडच्या दहापैकी नऊ फ्लॅटमध्ये तीच असते. दोन काचेचे शटर, एक जाळीचं. या खिडकीचा दोष तिच्या काचेत नसून तिच्या सरकण्यात आहे. जे सरकायचं ते सैल असावंच लागतं, आणि सैल म्हणजे फट. ती फट बुजवायला शटरच्या कडेला केसाळ पट्टी बसवलेली असते, फॅब्रिकेटर तिला वूल पाइल म्हणतात. पाचसात वर्षांत ती झिजते, चपटी होते, कोपऱ्यांतून गळून पडते. बहुतेक घरांत ती बसवल्यापासून एकदाही बदललेली नसते.

हिशोब करून बघा. खिडकी पाच फूट बाय चार फूट धरा. चारही कडा आणि मधली, जिथे दोन शटर एकमेकांवर येतात ती, मिळून २२ फूट होतात. या २२ फुटांवर सरासरी ३ मिलिमीटर फट असेल तर तिचं क्षेत्रफळ खिडकीच्या साधारण १ टक्का भरतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १ टक्का जागा उघडी असली की बाकीच्या ९९ टक्क्यांत तुम्ही कितीही जाड काच घाला, ती खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही. आणि तुमची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली भिंत ४५ डेसिबलच्या आसपास आवाज आधीच अडवते आहे. म्हणजे जी भिंत आपलं काम चोख करते आहे तिच्यावर ९० हजार खर्च करायचे आणि जिथून सगळं आत येतंय तिकडे बघायचंच नाही, असा हा प्रकार आहे.

डेसिबलचा अर्थही सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी आकडे फेकले तर तुम्हाला तोलता येतील. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. डंपर जाताना बाहेर ७५ डेसिबल आहे असं समजा. फटीच्या खिडकीने २० अडवले तर आत ५५ येतात. आणखी १० अडवले तर ४५. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार शांत झोपेसाठी बेडरूममध्ये एकसारखा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मधूनच येणारा एखादा मोठा आवाज ४५ च्या आत हवा. रस्त्यालगतच्या घरात ३० गाठणं अवघड आहे, ते वचन मी देणार नाही. पण डंपरचा दणका ४५ च्या खाली आणणं तुमच्या हातात आहे.

फट कुठे आहे हे शोधायला यंत्र नको. देवघरातली एक अगरबत्ती घ्या. बाहेर वारा असेल अशा वेळी खिडकी बंद करा, पंखा बंद करा, दार लावा आणि अगरबत्ती शटरच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असतो. फटीपाशी आला की तो वाकतो, आत ढकलला जातो किंवा बाहेर ओढला जातो. तिथे पेन्सिलने खूण करा. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावरूनही फिरवा, कारण तिथलं सिमेंट आक्रसून केसाएवढी भेग पडलेली असते आणि ती रंगाखाली दिसत नाही. एसीचा पाइप जिथून बाहेर गेलाय ते भोक विसरू नका. बऱ्याचदा त्याच्यावर प्लॅस्टिकची बशी लावलेली असते आणि आत सगळं पोकळ असतं. दुसरी चाचणी कागदाची. कागदाची पट्टी शटर आणि चौकटीच्या मधे धरून शटर बंद करा आणि पट्टी ओढा. अलगद निघाली तर तिथे दाब नाही, आणि जिथे दाब नाही तिथून आवाज येतो.

खुणा करून झाल्या की एखाद्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॅब्रिकेटरला बोलवा आणि नेमकं काम सांगा: सगळी वूल पाइल बदला, जुन्यापेक्षा थोडी उंच केसाची घ्या. मधल्या जोडाला रबरी पट्टी लावा. शटरची चाकं झिजली असतील तर बदला, कारण शटर एका बाजूला झुकलं की वर एका कोपऱ्यात फट पडते. काच रबरात हलत असेल तर रबर नवं बसवा. चौकटीभोवती आतून आणि बाहेरून सिलिकॉन भरा. एसीच्या भोकात नुसता पांढरा फेस फवारून ठेवू देऊ नका, तो हलका असतो. आत प्लास्टर किंवा पुट्टी भरून वर सिलिकॉन हवा.

फक्त एक जपा. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. उत्साहाच्या भरात कोणी त्यात सिलिकॉन भरलं तर पहिल्याच मोठ्या पावसात ट्रॅक भरून पाणी खोलीत येईल. आपल्याकडचा पाऊस खिडकीवर आडवा येतो, तिथे दया नाही.

हे सगळं एका दिवसाचं काम आहे आणि खर्च त्या फोमच्या जवळपासही जाणार नाही. काम आधी आणि नंतर, रात्री साधारण एकाच वेळी, पलंगाच्या उशाशी फोन ठेवून मोबाइलच्या अ‍ॅपवर आवाज मोजा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण एकाच फोनवरचे दोन आकडे शेजारी ठेवून फरक नक्की कळतो.

एवढ्यानेही भागलं नाही, तर खर्च करायची जागा आहे दुसरी खिडकी. जुनी काढायची नाही. ती बाहेरच्या कडेला तशीच राहू द्या आणि आतल्या कडेला, मधे निदान चार इंच अंतर सोडून, दुसरी बसवा. ही सरकती नको, दारासारखी उघडणारी हवी. चारही बाजूंनी रबरी गॅस्केट आणि बंद करताना ते दाबलं जाईल असं दोन-तीन ठिकाणी पकडणारं कुलूप. काच लॅमिनेटेड घ्या, म्हणजे दोन काचांच्या मधे पारदर्शक पातळ थर असतो. तो थर काचेची थरथर मारतो. जुन्या खिडकीच्या काचेपेक्षा हिची जाडी वेगळी असू द्या. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की एकाच सुराला दोघी सारख्याच थरथरतात आणि तो सूर आत येतो.

दुकानदार तुम्हाला 'डबल ग्लेझिंग' दाखवेल, एकाच चौकटीत दोन काचा आणि मधे बोटभरसुद्धा नाही अशी जागा. उन्हाच्या तापासाठी ती चांगली. पण कंटेनरच्या इंजिनाची जी घुर्रघुर्र असते, जी छातीत जाणवते, तिला ती पोकळी पुरत नाही. तिथे ते चार इंचांचं अंतर कामाला येतं. आणि याच चार इंचांत, दोन खिडक्यांच्या मधल्या चौकटीच्या कडांना, आवाज शोषणाऱ्या मटेरियलची एक पट्टी लावायला मी हो म्हणेन, आग न धरणाऱ्या प्रकारातली. तिथे ती शोभेची नाही, कामाची आहे. दोन्ही खिडक्या आतून सहज उघडता आल्या पाहिजेत, आणि बाहेर बॉक्स ग्रिल असेल तर तिला उघडणारा दरवाजा असलाच पाहिजे. आवाजासाठी सुटकेची वाट बंद करायची नाही.

खिडकी खरोखर बंद झाली की हवेचा प्रश्न उभा राहतो आणि तो कोणी सांगत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. ठाण्याच्या दमट हवेत बंद खोलीत डोकं जड होतं, पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरते. म्हणून दिवसा, मुलगी कॉलेजला असताना, खिडकी पूर्ण उघडी ठेवा. रात्री रस्त्याकडची बंद आणि आतल्या बाजूच्या खोलीतली उघडी ठेवून मधलं दार किलकिलं राहू द्या. पंखा चालू असू द्या. त्याची एकसुरी घरघर मधूनच येणारे आवाज बरेचसे झाकून टाकते, हा त्याचा दुसरा उपयोग.

आता वरच्या मजल्याची ठकठक. इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे.

खुर्चीचा पाय फरशीवर घासला की ती थरथर स्लॅबमध्ये उतरते, तिथून बीममध्ये, भिंतींमध्ये, आणि तुमची अख्खी खोली तो आवाज वाजवते. कान त्याची दिशा सांगू शकत नाही. डोक्यावरून येतोय असं वाटणारा आवाज दोन मजले खालचाही असू शकतो. डोंबिवलीच्या एका सोसायटीत दोन कुटुंबांचं आठ महिने बोलणं बंद होतं. खालच्यांची खात्री होती की वरचे मुद्दाम पहाटे काहीतरी आपटतात. मी तीन पहाटे त्या घरात बसले. तिसऱ्या दिवशी वॉचमनला पंपाजवळ उभं केलं आणि फोन चालू ठेवला. पंप बंद केला त्याच क्षणी वर 'धप्प' झालं. गच्चीवरच्या टाकीला पाणी चढवणारा पाइप त्या बेडरूमच्या भिंतीवरून गेला होता. पंप थांबला की पाइपातलं पाणी मागे येऊन झडपेवर आदळायचं आणि भिंतीला घट्ट आवळलेल्या क्लॅम्पमधून तो धक्का घरात यायचा. झडप बदलली, क्लॅम्पखाली रबर घातलं, आवाज गेला. त्या दोन घरांचं बोलणं मात्र सुरू व्हायला आणखी बराच काळ गेला.

म्हणून आधी चार दिवस वेळ लिहून ठेवा, अगदी मिनिटांसकट. वॉचमनला पंपाची वेळ विचारा. खुर्च्यांचा आवाज तर ओळखू येतोच, पण ठकठक पंपाच्या वेळेशी जुळली तर कमिटीकडे जा, वरच्यांकडे नाही.

वरूनच येतेय हे नक्की झालं तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहू नका. तिथे लिहिलेलं पुसलं जात नाही. वर जा, आणि तक्रार सांगण्याऐवजी त्यांना खाली चहाला बोलवा. त्यांच्यापैकी कोणाला तरी पाच मिनिटं वर राहून रोजच्यासारखी खुर्ची ओढायला, मिक्सर लावायला सांगा आणि बाकीच्यांना तुमच्या मुलीच्या खोलीत उभं राहून ऐकू द्या. पहाटे साडेपाचला उठून डबे करणाऱ्या बाईला आपला खलबत्ता खाली कसा वाजतो याची कल्पनाच नसते. एकदा ऐकलं की बहुतेक माणसं ओशाळतात, आणि मग मार्ग निघतो. खुर्च्या-टेबलांच्या पायांना चिकटणारे फेल्टचे गोल तुकडे तुम्हीच आणून द्या. मिक्सर आणि खलबत्त्याखाली जाड रबराची चटई, नाहीतर चारपदरी घडी घातलेला जुना टॉवेल. जेवणाच्या टेबलाखाली सतरंजी. हा उपाय वर केला तरच चालतो. खाली तुमच्या छताला फोम लावा की जिप्समचं फॉल्स सीलिंग करा, थरथर भिंतींतून खाली येतच राहते. स्लॅबला पत्र्याच्या पट्ट्यांनी सरळ टांगलेलं सीलिंग तर कधी कधी ढोलकीच्या पानासारखं वाजायला लागतं.

आणि आता सासरे. मला वाटतं, तुमच्या पत्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट हीच आहे.

वय झालं की आधी तीव्र स्वरांचं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ, च ही अक्षरं त्याच स्वरांत असतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, आणि माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो. वाढवून आवाज नुसता मोठा होतो, स्पष्ट होत नाही, म्हणून तो आणखी वाढवतो. ते हट्टाने करत नाहीत. त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कधी कधी कानात नुसता मळ अडकलेला असतो. यंत्राची गरज निघाली तर यंत्र घ्या. त्या ९० हजारांतला थोडा हिस्सा इकडे वळला तर मला फार बरं वाटेल.

तोवर टीव्हीचा एक छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीच्या अगदी जवळ ठेवा. स्पीकर हातभर अंतरावर आला की आवाज बराच कमी करूनही त्यांना पूर्वीइतकंच ऐकू येईल. आणि हॉलमध्ये, हो, हॉलमध्ये, मऊ वस्तू वाढवा. जाड पडदे, सतरंजी, उघड्या भिंतीवर एखादी सुंदर गोधडी. उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या हॉलमध्ये शब्द घुमतात, एकात एक मिसळतात आणि म्हाताऱ्या कानाला ते सोडवता येत नाहीत. घुमणं कमी झालं की कमी आवाजात शब्द कळतात. सॅबिनच्या गाद्यांची खरी जागा तुमच्या घरात इथे आहे.

टीव्ही मुलीच्या खोलीच्या भिंतीवर टांगलेला असेल तर तो समोरच्या भिंतीवर न्या. भिंतीला स्क्रूने आवळलेला स्पीकर ती भिंतच वाजवतो. मग दार बघा. जुन्या घरांत प्रत्येक दाराला उंबरठा असायचा, दार त्याच्यावर येऊन टेकायचं आणि खाली फट राहायची नाही. फ्लॅटमध्ये उंबरठे गेले आणि दाराखाली बोटभर जागा आली. मुलीच्या दाराखाली रबरी पट्टी बसवा, किंवा दार बंद केल्यावर आपोआप खाली उतरणारी पट्टी मिळते ती लावा. चौकटीच्या आतल्या तिन्ही कडांना चिकटणारं रबर लावा. दार वाजवून पाहा, पोकळ वाजलं तर कधीतरी भरीव फ्लश डोअर घालायचं मनात ठेवा.

भिंतीचंही एक सांगते, स्वतःच्या घरातलं. पुण्याच्या घरात अभ्यासाच्या खोलीसाठी मी हॉलच्या भिंतीला आतून वेगळी जिप्समची भिंत घातली. मधे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर बोर्डाचे दोन थर, सगळं नियमाप्रमाणे. तरीही शब्द न् शब्द ऐकू येत होता. दोन रात्री कान लावून फिरल्यावर सापडलं. हॉलच्या आणि खोलीच्या स्विचबोर्डांच्या पेट्या चार इंची भिंतीत पाठीला पाठ लावून बसवल्या होत्या, मधे वीट नव्हतीच. नव्या भिंतीत मी स्विच पुढे आणले होते आणि मागचं भोक तसंच राहिलं होतं. वीज बंद करून ते भोक पुट्टीने भरलं तेव्हा कुठे खोली शांत झाली. तुमच्या खोलीतला स्विचबोर्ड हॉलच्या बोर्डाच्या नेमका मागे आहे का ते बघा. असेल तर आवाजाची एक वाट तुम्हाला सापडली. काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

रस्त्याबद्दल थोडंसं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि त्या वेळात उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सणांचे ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, बाकी दिवशी ११२ ला फोन करायचा तुमचा हक्क आहे. डंपरच्या रांगेवर त्या फोनचा फारसा उपयोग होणार नाही. पण एक रात्र गॅलरीत उभं राहून नीट ऐका. गाडीच्या इंजिनाचा आवाज आणि 'खडाक्' असा लोखंडी आवाज वेगळे काढता येतात का? पुष्कळदा झोप मोडणारा आवाज चेंबरच्या सैल झाकणाचा किंवा खड्ड्यात आदळणाऱ्या रिकाम्या डंपरच्या फाळक्याचा असतो. झाकण कुठलं ते हेरून, फोटो काढून सोसायटीच्या लेटरहेडवर प्रभाग कार्यालयात अर्ज द्या. वाहतूक बंद करा म्हटलं तर कोणी हलत नाही, हे झाकण बसवा म्हटलं तर एक माणूस येऊन बसवून जाऊ शकतो.

खोल्या बदलल्यावर पहिल्या रात्री मुलगी कशी झोपली ते मला कळवा. अगरबत्तीचा धूर कुठे कुठे वाकला तेही लिहा, आणि खिडकीपाशी भिंतीची जाडी टेपने मोजून इंचांत पाठवा, म्हणजे आत दुसरी खिडकी बसते की नाही ते सांगते.